मापसाहेबांचा पाचवा सिनेमा

बायको टॅक्सीत बसून वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत मापसाहेब गॅलरीतून हात हलवत राहिले. ती दिसेनाशी झाल्यावरही त्यांनी थोडा वेळ हात खाली घेतला नाही, कारण ही बाई काहीतरी विसरलं म्हणून टॅक्सी मागे फिरवेल याचा भरवसा नव्हता. मग ते आत आले, दाराला कडी घातली, पडदे ओढले आणि बैठकीच्या खोलीत मधोमध उभं राहून त्यांनी वयाला न शोभणारी एक उडी मारली.

मापसाहेब वजनमापे निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची आणि खऱ्यांवर शिक्का मारायचा हे त्यांचं काम. उन्हातान्हातून आलेल्या साहेबांना एखाद्या दुकानदाराने पाण्याचा ग्लास पुढे केला तर ते आपल्या पिशवीतली बाटली काढून त्यातलं पाणी पीत, तेही दुकानदाराला दिसेल असं. अशा माणसाला घरात कुणी घाबरत नसतं, पण बाहेर त्याचा दरारा असतो आणि मापसाहेब त्या दराऱ्यावर खूश होते.

त्या शनिवार-रविवारी त्यांना एकच गोष्ट साधायची होती. एका चष्म्याच्या दुकानदाराचे, म्हणजे चष्मे विकता विकता खून उकलणाऱ्या एका म्हाताऱ्या गुप्तहेराचे पाच सिनेमे होते. पाचवा नुकताच आला होता आणि सगळ्या ऑफिसने तो पाहिला होता. एकट्या मापसाहेबांनीच पाहिला नव्हता, कारण पहिले चार पुन्हा ओळीने पाहिल्याशिवाय पाचव्याला हात लावायचा नाही असा त्यांचा बाणा. लहान वजन तपासल्याशिवाय मोठं हातात घ्यायचं नाही, ही खात्यातली शिस्त त्यांनी करमणुकीलाही लावली होती. खुनी कोण हे दुसऱ्याच्या तोंडून कळणं त्यांना दुसऱ्याच्या तराजूवर माल घेण्यासारखं वाटे. त्यांच्या मानासाठी सगळं ऑफिस तोंड दाबून बसलं होतं. पण शुक्रवारी हेडक्लार्क वैतागले. "साहेब, माझं पोट फुगलंय आता. सोमवारी डबा खाताना मी बोलणार म्हणजे बोलणार. तोवर बघायचा तर बघा."

आणि देव पावला तसा शुक्रवारीच मेहुणीचा पाय मुरगळला. साडू कामानिमित्त दौऱ्यावर होते, तेव्हा बायकोने थोरल्या बहिणीच्या मदतीला जायचं ठरवलं. मापसाहेबांनी मेहुणीबद्दल इतकी हळहळ व्यक्त केली की बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. निघताना तिने बजावलं, "दोन दिवस मोकळे आहात, तर माळा आवरून ठेवा." मापसाहेब म्हणाले, "अगं, तोच विचार चालला होता माझा."

आता एक नाजूक बाब सांगायला हवी. ज्या खात्यावर हे सिनेमे दिसायचे ते खातं साडूंचं होतं. त्याचा पासवर्ड मेहुणीने बायकोला गुपचूप दिला होता आणि बायकोने टीव्हीत घालून ठेवला होता. साडूंना याचा पत्ता नव्हता. पाण्याचा ग्लास नाकारणाऱ्या माणसाने साडूचे सिनेमे फुकट बघावेत हे मापसाहेबांना टोचायचं, नाही असं नाही. म्हणून टीव्ही लावल्यावर कोपऱ्यात साडूंचा मिशीवाला फोटो आला की ते क्षणभर दुसरीकडे बघत. एवढी लाज राखली की त्यांच्या हिशेबी पुरे होत असे.

पहिला सिनेमा दृष्ट लागावी इतका निर्विघ्न पार पडला. बायको तेव्हा प्रवासात होती. दुसरा लावला, जेवणघरात पहिलं प्रेत पडलं, चष्मेवाल्याने खिशातून भिंग काढलं आणि पडदा काळा झाला. त्यावर अक्षरं आली: 'हे खाते सध्या दुसऱ्या ठिकाणी वापरात आहे.' खाली एक बटण होतं, 'येथे पाहा.' मापसाहेबांनी ते दाबलं. चष्मेवाला परत आला, भिंग डोळ्याला लावलं, आणि पुन्हा काळं.

दुसऱ्या ठिकाणी कोण असणार? मापसाहेबांना गुप्तहेर व्हायला एवढं निमित्त पुरे होतं. दौऱ्यावर गेलेला साडू! हॉटेलच्या गादीवर लोळून सिनेमे बघतोय आणि घरी सांगतोय की मीटिंगा चालल्यात! पुरावेही धडाधड जमत गेले. आपण बटण दाबलं की पलीकडून लगेच उलट दाबलं जात नाही, थोडा वेळ जातो. म्हणजे पलीकडचा माणूस जड आहे, उठायला त्याला वेळ लागतो. साडू जडच होते. मध्येच पलीकडचा पाऊण तास गायब होतो. म्हणजे चहाला गेला. साडूंना चहा फार लागतो. शिवाय परत आपल्या ताब्यात आलेला सिनेमा सोडला तिथे नसायचा, बराच पुढे सरकलेला असायचा. म्हणजे साडूही नेमका हाच सिनेमा बघत होता! "नकलाकार!" मापसाहेब टीव्हीवरच्या मिशीला म्हणाले. प्रत्येक वेळी डोळे मिटून, अंदाजाने बटण दाबत सिनेमा मागे न्यावा लागे, नाहीतर पुढचं प्रेत आधीच दिसायचं.

एवढ्यात दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरचे टेलिफोनवाले काका होते, सकाळच्या उडीची चौकशी करायला आलेले. "काय पडलं हो? आमच्या घड्याळाचा लंबक थांबला." काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते, पण तार ज्या ज्या वस्तूला आहे ती प्रत्येक वस्तू अजून आपल्या अखत्यारीत आहे अशी त्यांची समजूत होती. काळा पडदा बघताच त्यांच्या अंगात सेवाकाळ संचारला.

"क्रॉस कनेक्शन," काका म्हणाले. "तार कुठून आलीय?"

"माळ्यावरून. पण काका, तसं काही…"

"शिडी आणा."

मापसाहेबांना काकांना खरं कारण सांगणं अवघड होतं. साडूच्या खात्यावर आपण चोरून बघतो, हे वजनमापे निरीक्षकाने खालच्या मजल्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांनी मुकाट शिडी आणली. काका वर चढले, माळ्यात डोकं घातलं आणि "ही बघा!" म्हणून एक तार ओढली. ती टीव्हीची नव्हती. एका जुन्या ट्रंकेला कुणीतरी बांधलेली ती तार होती. ट्रंक आली, ट्रंकेमागून गादी आली, गादीमागून लग्नात आलेले आणि कधीही न वापरलेले स्टीलचे डबे आले, आणि शेवटी काका आले, सुदैवाने गादीवर. त्या आवाजाने शेजारच्या घरातलं तान्हं मूल रडायला लागलं. काका उठून बसले, अंगावरची धूळ झटकली आणि शांतपणे म्हणाले, "लाइन निर्दोष आहे. तुमच्या खात्यात चोर आहे. पासवर्ड बदला." एवढं सांगून ते लंगडत घड्याळाचा लंबक हलवायला खाली गेले.

मापसाहेब डब्यांच्या ढिगाऱ्यात उभे राहून विचार करू लागले. पासवर्ड बदलणं म्हणजे साडूला त्याच्याच घराबाहेर काढून आतून कडी घालणं. हे पाप होतं. पण पलीकडे सोमवारचा डबा होता आणि हेडक्लार्कचं फुगलेलं पोट होतं. सोमवारी ऑफिसला जायच्या आत परत करायचं अशी मनाशी शपथ घेऊन त्यांनी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. आधी एका यंत्राने त्यांना बरेच आकडे दाबायला लावले, मग बासरी ऐकवली, मग पुन्हा आकडे, पुन्हा बासरी, आणि त्यांचा राग शमून डोळा लागायच्या बेताला एक गोड मुलगी बोलली.

"आपण स्वतः खातेदार बोलताय का सर?"

ज्या माणसाने उभ्या नोकरीत एकाही खोट्या मापावर शिक्का मारला नव्हता, त्याने घसा साफ केला, आवाज साडूसारखा जड काढला आणि म्हटलं, "हो."

"खात्रीसाठी जन्मतारीख सांगाल?"

"कुणाची?"

"आपलीच सर."

"अच्छा, माझी." मापसाहेबांना दरदरून घाम फुटला. "जरा आठवून सांगतो." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

आता साडूंची जन्मतारीख फक्त दोघी बहिणींना ठाऊक असणार. मापसाहेबांनी बायकोला फोन केला. तिने बऱ्याच वेळाने उचलला, आणि उचलला तो दम लागल्यासारखा. "काय हो? लवकर बोला, ताईच्या पायाला शेक देतेय."

"काही नाही गं, सहज. तुझ्या भाऊजींचा वाढदिवस कधी असतो?"

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"अगं, इतकी वर्षं झाली, आपण कधी त्यांचं काही केलं नाही. सकाळपासून मनात येतंय."

"सकाळपासून भाऊजी मनात येतायत?" बायको म्हणाली. मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "थांबा हं, ताईला विचारून कळवते. आणि माळा?"

"माळ्यावरचं सगळं खाली काढलंय," मापसाहेब म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे एकमेव शंभर नंबरी खरं वाक्य.

बायकोने कळवलं नाही. कळवलं ते ताईने, आणि तेही साडूंना. संध्याकाळी साडूंचाच फोन आला. हा रुबाबदार, गडगडून हसणारा माणूस अगदी घोगऱ्या आवाजात बोलत होता. "तुम्ही माझा वाढदिवस विचारलात म्हणे. खरं सांगू? आजवर आमच्याकडे कुणी विचारला नाही. घरात माझ्या वाढदिवसाचा विषय मीच काढतो, केकही मीच आणतो. तुम्हाला मी फार शिष्ट समजत होतो हो. काम संपलंय माझं. उद्या दुपारी घरी जाताना तुमच्याकडे उतरतो."

"नाही नाही, कशाला उगीच वाकडी वाट," मापसाहेब कळवळून म्हणाले.

"नाही म्हणू नका. तारीख समोर बसूनच सांगतो." आणि तारीख न सांगता त्यांनी फोन ठेवला.

मापसाहेबांनी रविवारी सकाळपासून आधाशासारखे सिनेमे उरकले. तिसरा, चौथा, मध्ये काळा पडदा, बटण, डोळे मिटून मागे, पुन्हा बटण. अंगठा दुखायला लागला. पलीकडचा शत्रू हटत नव्हता, आणि तोही आता पाचव्यावर आला होता. दोघेही एकाच टेकडीवरच्या बंगल्यात, एकाच खुन्याच्या मागावर होते आणि एकमेकांच्या हातातून कंदील ओढत होते. बरं, साडू म्हणाला होता की काम संपलंय. प्रवासातही फोनवर बघतोय वाटतं, किती ही ओढ! अखेर चष्मेवाल्याने सगळ्या पाहुण्यांना दिवाणखान्यात जमवलं. आता फक्त शेवट उरला होता, आणि नेमकी दाराची घंटा वाजली.

दारात हातात बॅग घेतलेले साडू उभे होते. फोन खिशात होता. मापसाहेबांनी आधी साडूंकडे पाहिलं, मग मागे वळून टीव्हीकडे पाहिलं. तेवढ्यात टीव्ही काळा झाला. आपला मुख्य संशयित आपल्या उंबरठ्यावर उभा असताना पलीकडे बटण कोण दाबतंय, हा प्रश्न त्यांच्या मनात यायच्या आत साडूंनी त्यांना मिठी मारली. ते डब्यांच्या ढिगातून वाट काढत आत आले. "घर रंगवताय वाटतं? अरे वा, सिनेमा बघताय!"

मापसाहेब धावत जाऊन टीव्हीसमोर उभे राहिले. मागे कोपऱ्यात साडूंचा मिशीवाला फोटो झळकत होता. उजवीकडून झाकला तर डावीकडून मिशी दिसायची. "चहा घेणार?" त्यांनी हात पसरून विचारलं.

"चहा राहू द्या. ही अक्षरं ओळखीची आहेत. दुसऱ्या ठिकाणी वापरात! तुमच्याकडेही तेच? अहो, काल मलाही कंपनीचा संदेश आलाय. कुणीतरी माझं नाव सांगून फोन केला होता. जन्मतारीख विचारल्यावर पळाला म्हणे, मूर्ख!" साडूंनी फोन काढला. "आता आपण दोघं मिळून या चोराला धरू. आधी घरी विचारतो, तिथे बंद आहे का." आणि त्यांनी घरी फोन लावून आवाज मोठा केला.

पलीकडून मेहुणी कडाडली, "आलात का शुद्धीवर? मीटिंगा म्हणे! दोन दिवस हॉटेलात बसून सिनेमे बघताय आणि आमचा बंद पाडताय! आम्हाला काय कळत नाही?"

"मी? अगं, मी तर साडूंच्या घरी उभा आहे. यांचाच टीव्ही बंद पडलाय."

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग मापसाहेबांच्या ओळखीचा एक आवाज सावकाश म्हणाला, "यांचा टीव्ही? म्हणजे माळ्याला टीव्ही लागतो वाटतं?"

"आणि शेकाला?" मापसाहेब तावातावाने म्हणाले, आणि म्हणताना टीव्हीसमोरून हलले. साडूंनी आपला फोटो पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उजाडत गेली. फोटो, खातं, संदेश, आणि सर्वांत शेवटी, फार उशिरा, वाढदिवस.

"म्हणजे तारीख त्यासाठी हवी होती," साडू म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच खुर्चीवर बसले, बॅग मांडीवर घेऊन. मापसाहेबांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा आपण लहान मुलासारखा केला होता.

"साडूभाऊ, चोर मीच," ते म्हणाले. "खातं चोरलं, नाव चोरलं, तारीख तेवढी चोरता आली नाही. पण ती आता सांगा. केक आम्ही आणू. दर वर्षी."

साडूंनी नाक ओढलं, तारीख सांगितली आणि मग त्यांचं ते गडगडाटी हसू परत आलं. "अहो, पण खुनी कोण ते बघायचं की नाही? मीही अजून पाहिला नाही पाचवा."

पण बहिणी ऐकेनात. सिनेमा त्यांच्या हातात होता, एका वेळी एकाच ठिकाणी दिसणार होता, आणि मुरगळलेल्या पायाचा मान मोठा होता. शेवटी तोडगा असा निघाला की बायकोने आपला फोन टीव्हीसमोर धरायचा आणि पुरुषांनी तो व्हिडिओ कॉलवर बघायचा. दोघे साडू एका फोनवर डोकी टेकवून बसले. चित्र तिरकं होतं, मेहुणीचा कान मध्ये येत होता, पण चष्मेवाला दिसत होता. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला, हात उचलला, बोट सावकाश फिरवत आणलं…

"अगं बाई!" बायको किंचाळली आणि फोन तिच्या हातातून निसटला. आधी छताचा पंखा दिसला, मग उशी, आणि मग खालून वर दिसणारा बायकोचा चेहरा. डोळे विस्फारलेले, तोंडावर हात. घरी ती खुनाच्या आधीच उठून स्वयंपाकघरात जायची. तिला असले सिनेमे आवडत नाहीत अशी मापसाहेबांची पक्की समजूत होती. या चेहऱ्याने ती समजूत खोटी ठरवली. आपण शेजारी बसून सारखं 'गप्प बस' म्हणतो म्हणून ती उठते, हे त्यांना त्या तिरक्या फोनमध्ये पहिल्यांदा दिसलं, आणि बोटाचं भान सुटून ते तिच्याकडेच बघत राहिले.

फोन सरळ झाला तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती. "दिसला ना हो?" बायकोने विचारलं.

मापसाहेबांनी साडूंकडे पाहिलं. साडूंनी मिशीवर हात फिरवला. "मला पहिल्यापासूनच संशय होता," साडू म्हणाले.

"मलाही," मापसाहेब म्हणाले. "उघडच होतं."

दोघांनी एकमेकांची नजर टाळली. थोड्या वेळाने साडू बॅग घेऊन निघाले, आणि जाण्यापूर्वी मेहुणीच्या हुकमावरून त्यांनी पासवर्ड बदलला. नवा फक्त बहिणींना मिळणार होता.

सोमवारी डबा उघडायच्या आत हेडक्लार्क आले. "पाहिलात?"

"पाहिला."

बांध फुटला. सगळं ऑफिस एकदम बोलू लागलं. "काय बेमालूम वागत होता!" "आणि ते पत्र फाडताना त्याचा हात बघितलात?" "शेवटी रडतो तेव्हा मला दया आली हो त्याची." मापसाहेब घास चघळत मान डोलावत होते आणि कान टवकारून नाव कधी येतं याची वाट बघत होते. पण सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव कशाला कोण घेतो? जेवण संपलं, डबे धुतले गेले, आणि वजनमापे निरीक्षकांना एवढंच कळलं होतं की खुनी पुरुष आहे.

संध्याकाळी बायको परत आली. डब्यांचा ढीग ओलांडून ती आत आली आणि मापसाहेब तिने तोंड उघडायच्या आत म्हणाले, "चल, पाचवा पुन्हा बघू. तू आणि मी. हवं तेवढं बोल, मी काही म्हणणार नाही."

बायकोने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग हात न धुताच तिने नवा पासवर्ड घातला आणि सोफ्यावर त्यांना चिकटून बसली. टेकडीवरचा बंगला आला. जेवणाची घंटा झाली, आणि पाहुणे जिन्यावरून खाली येऊ लागले.

बायकोने त्यांच्या मांडीवर थाप मारली आणि बोट दाखवलं. "तो बघा, तो बघा! खून करून कसा साळसूदासारखा उतरतोय मेला!"

जिन्यावरून त्या वेळी चौघे पुरुष उतरत होते. "हो ना," मापसाहेब म्हणाले, आणि त्यांनी पाय वर घेतले.